रिकामं जातं

शिरूरहून चौफुल्याकडे जाताना न्हावरं मागं पडलं की थोड्या अंतरावर भीमेच्या बाजूला एक फाटा फुटतो. फाट्यावर रसवंती, पंक्चरचं दुकान आणि कायम कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक. आत गेलं की ऊस, मग कांद्याच्या चाळी, मग गाव, आणि गावाच्या तोंडालाच सोसायटीचं जुनं बियाण्याचं गोदाम. गोदामाला उंदीर लागले म्हणून बियाणं दुसरीकडे हलवलं. मोकळ्या जागेचं काय करायचं यावर गावात बरेच दिवस वाद झाला, आणि जिच्यात कुणाचाच फायदा नाही अशी एक गोष्ट शेवटी सगळ्यांना मान्य झाली. गोदामात संग्रहालय उघडलं.

लोकांचा पाठिंबा मात्र खरोखर दांडगा मिळाला. गावात स्लॅबची घरं उठत होती. जुन्या वस्तूंना नव्या घरात जागा नव्हती आणि भंगारवाल्याला द्यायला जीव होत नव्हता. अशा वस्तूंना वारसा म्हणतात हे कळल्यावर लोक ट्रॉलीतून वारसा आणून टाकू लागले. मोटा आल्या, पेरणीच्या पाभरी आल्या, कणग्या, कंदील, बैलांच्या घुंगुरमाळा आल्या. एका सद्गृहस्थांनी बंद पडलेला फ्रीज आणला. तो नम्रपणे परत पाठवावा लागला.

हे सगळं करुणा सांभाळायची. ती याच गावच्या बौद्धवस्तीतली. शिरूरच्या कॉलेजात इतिहास घेऊन एम.ए. झालेली, पुण्यात संग्रहालयशास्त्राची पदविका केलेली, आणि आता आई सुरेखाबरोबर वस्तीतच राहणारी. दर रविवारी ती गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘संग्रहालय वार्ता’ टाकायची: या आठवड्यात कुणी काय दिलं, कोण पाहून गेलं. खाली जोडलेले हात यायचे, गुलाबाची फुलं यायची, आणि कुणीतरी हमखास न वाचताच ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहायचं. नांगराला वाहिलेली श्रद्धांजली पाहून करुणाला फारसं वाईट वाटायचं नाही. एका अर्थी ते बरोबरच होतं.

पण ती या नोकरीत आली होती ती नांगरासाठी नाही. घागरीसाठी.

तांब्याची घागर, पोटाला खोल पोचा आलेली. बहात्तरच्या दुष्काळात वस्तीचा झरा आटला तेव्हा करुणाची आजी विठाबाई ही घागर घेऊन गावविहिरीवर गेली आणि तिनं दोर सोडला. त्या विहिरीवर वस्तीतल्या माणसानं तोवर दोर सोडलेला नव्हता. घागर भरून काखेत घेईस्तोवर पहिला धोंडा आला, तो घागरीला लागला. दुसरा तिच्याबरोबर गेलेल्या शेवंता नावाच्या पोरीच्या कपाळाला. धोंडे मारणारा गेणबा. गेणबाचे चिरंजीव सोपानराव, म्हणजे संग्रहालयाचे अध्यक्ष.

ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती आणि गावात कुणी कधी बोलून दाखवलेली नव्हती. वस्तीत मात्र सुरेखा दर जयंतीला, सासूकडून ऐकली तशी, शब्दही न बदलता सांगायची. करुणाला ती एकदा गावासमोर, दोन्ही बाजूंच्या तोंडून सांगितली गेलेली हवी होती. तेवढं झालं की नोकरी राहिली काय नि गेली काय.

सुरेखानं घरातून काढून दिलेल्या त्या घागरीखालच्या पाटीवर काय लिहायचं यावर कमिटीच्या बऱ्याच बैठका झाल्या. ‘एक दुर्दैवी प्रसंग’ असं सुचवलं गेलं, ‘पाण्यावरून झालेला गैरसमज’ असंही. शेवटी एका सकाळी सोपानराव एकटेच आले, टोपी काढून मांडीवर ठेवून बसले.

“म्याडम, खरं हाय ते लिवा. नाव बी लिवा. बाप व्हता आमचा, कसा व्हता ते आमालाच ठाव हाय.”

“आबा, लोक बोलतील.”

“बोलू द्या. आजवर न्हाई बोलले त्येचंच वझं झालंय.”

पाटी दौंडला करायला टाकली. वर्धापनदिनी तिचं अनावरण सुरेखा करणार होती, शेवंताबाई बोलणार होत्या, आणि सोपानराव शेजारी उभे राहणार होते. करुणानं त्या रात्री आईला हे सांगितलं तेव्हा सुरेखा भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, “म्हातारी पायजे व्हती आज.”

जातं आलं ते त्याच सुमारास. मालनबाईनं दिलं, तिच्या सुनेनं स्वयंपाकघरात फरशी बसवली होती. टेम्पोतून उतरवल्यावर मालनबाईनं कनवटीचे मूठभर जोंधळे जात्याच्या तोंडात टाकले.

“रिकामं दिऊ न्हाई. आन् पोरी, रिकामं फिरवू न्हाई.”

“फिरवलं तर काय होतं, मावशी?”

“काय की. कुणी फिरवलंच न्हाई.”

मालनबाई गेल्यावर करुणानं ब्रशनं जोंधळे काढून टाकले. धान्यानं किडे होतात, किड्यांनी लाकूड जातं, पदविकेला हे पहिल्याच महिन्यात शिकवतात. दारावर पाटीच होती: ‘धान्य व खाद्यपदार्थ आत आणू नयेत.’ मग जातं खिडकीजवळच्या उजेडात मांडलं आणि ते संग्रहालयातलं सगळ्यात लोकप्रिय प्रदर्शन झालं. येणारा प्रत्येक जण बसून फिरवायचा. समोरचा व्हिडिओ काढायचा. एका पुढाऱ्यानं तर सपत्नीक फिरवलं आणि फोटो येईना म्हणून पुन्हा फिरवलं.

रिकामं जातं फिरवू नये हे गावात सगळ्यांना माहीत होतं. करुणाला तर त्यासाठी लहानपणी आईचा फटका बसला होता. पण ते घरातल्या जात्याचं. संग्रहालयातलं जातं म्हणजे जात्याचा नमुना, असं सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं.

ऊसतोड ऐन भरात असताना एका सकाळी शिपाई बन्सीनं तिला हाक मारली. “म्याडम, हितं कुणी दळलंय.”

जात्याभोवती पीठ पडलं होतं, बारीक, चांगलं ओंजळभर. करुणानं चिमटीत घेतलं. गव्हाचं नाही, जोंधळ्याचं नाही, बाजरीचं तर नाहीच. त्याला वास नव्हता.

“कोरडं फिरवतात ना सगळे. दगडाची झीज असेल,” ती म्हणाली.

“आसंल,” बन्सी म्हणाला. त्यानं झाडून घेतलं आणि मागच्या पेरूच्या बुडाशी टाकलं.

दगडाची झीज हे उत्तर चांगलं होतं. जातं काळ्या दगडाचं होतं आणि पीठ पांढरं होतं, एवढी एक अडचण सोडली तर त्यात काही खोट नव्हती.

त्याच आठवड्यात ईश्वर आपल्या व्याह्यांना संग्रहालय दाखवायला घेऊन आला. ईश्वर म्हणजे पाभरीचा दाता. देताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बापाच्या हातची पाभर होती. आता तो तिच्यापुढं उभा राहून म्हणाला, “झ्याक हाय. कुणाची वो ही?”

करुणाला वाटलं तो व्याह्यांपुढं गंमत करतोय. “तुमचीच की, ईश्वरदादा.”

“आमच्याकडं कवा व्हती पाभर?”

तिनं मोबाईल काढून जुनी वार्ता दाखवली. फोटोत ईश्वर पाभरीला हात लावून उभा होता, डोळे पुसत. त्यानं फोटो मोठा करून पाहिला.

“मीच हाय,” तो म्हणाला. “पर रडायला काय झालतं मला?”

व्याही हसले. तोही हसला. मग व्याह्यांनी जातं फिरवून पाहिलं आणि सगळे चहाला गेले.

पुढं हे होत गेलं. सकाळी पीठ दिसायचं आणि त्यानंतर एकदोन दिवसांत कुणीतरी आपल्याच वस्तूपुढं परक्यासारखं उभं राहायचं. घुंगुरमाळा देणाऱ्याला बैलांची नावं आठवेनात. मग बैलच आठवेनात. करुणानं कारणं शोधली. वय, साखर, मोबाईल. तिनं हॉलमध्ये ‘वस्तूंना हात लावू नये’ अशी पाटी लावली, लोकांनी ती वाचली आणि जातं फिरवलं. शेवटी तिनं जात्याचा खुंटाच काढून आपल्या टेबलाच्या खणात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पीठ होतंच. खुंटा खणात होता. त्याच्या मुठीकडची बाजू, जिथं हात धरतात तिथं, कोमट होती.

महिन्याची बैठक झाली. सोपानराव दर बैठकीची सुरुवात त्यांनी सायकलवरून दूध घालून डेअरी कशी उभी केली या हकिकतीनं करत. ती ऐकताना लोक मोबाईल पाहत. या वेळी सोपानराव म्हणाले, “हं, विषय घ्या.” बैठक लवकर संपली. याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

बैठकीनंतर करुणा त्यांच्याबरोबर गाडीपर्यंत गेली. “आबा, वर्धापनदिनी पाटीपाशी आधी तुम्ही बोलणार की शेवंताबाई?”

“कंची पाटी?”

“घागरीची. विहिरीची.”

सोपानरावांनी तिच्याकडं नीट पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, चलाखी नव्हती, काहीच नव्हतं. “कंची विहीर म्हन्ता?”

करुणा “ठीक आहे” म्हणाली आणि परत आली. पाभर विसरणं विचित्र होतं, बैल विसरणं विचित्र होतं. पण विहीर विसरण्यात गूढ असं काही नव्हतं. ते नेहमीचंच होतं. कुणीतरी म्हाताऱ्याचे कान भरले असणार, निवडणूक जवळ आली असणार. तिला वाईट वाटलं, आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवला याचं जास्त वाटलं.

त्या संध्याकाळी ती वस्तीत शेवंताबाईंकडं गेली. शेवंताबाई दारात मेथी निवडत बसल्या होत्या. पोरं शिकली, एक दौंडला रेल्वेत लागला, पण कपाळावरची खूण कुंकवाएवढी मोठी, तशीच.

“आत्या, आबा फिरले. आता तुम्हीच जोरात बोलायचं.”

“बोलीन की. काय बोलायचंय?”

“विहिरीवरचं.”

शेवंताबाई मेथीची काडी हातात धरून थांबल्या. “काय झालतं इहिरीवर?”

“आत्या, हे कशाचं आहे?” करुणानं स्वतःच्या कपाळाला हात लावून दाखवलं.

शेवंताबाईंनी बोटानं खूण चाचपली. “हे व्हय. पडले आसंल ल्हानपनी कुठंतरी.” आणि मग प्रेमानं, “चा ठिवू का?”

घरी येताना करुणाला उसाच्या पाचटाचा जळका वास येत होता. तिनं चप्पल काढायच्या आधीच आईला विचारलं, “आई, विहिरीची गोष्ट सांग.”

सुरेखा टीव्हीसमोर होती. तिनं आवाज कमी केला. “जुन्या काळाची हाय ना ती? थांब हां.” ती बराच वेळ आठवत राहिली. “तुझी आजी शेरडं राखायची,” ती शेवटी म्हणाली. “लय गरीब बाई. कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई.”

करुणानं तिला अख्खी गोष्ट सांगितली. सुरेखानं मन लावून ऐकली, मान हलवली, “काय एकेकाचं नशीब आसतं,” म्हणाली आणि आवाज वाढवला.

सोमवारी संग्रहालय बंद असायचं. करुणानं घरून वाटीभर जोंधळे घेतले, ओढणीखाली लपवले आणि दुपारी आपल्याच दारावरच्या पाटीखालून आत नेले. बन्सी सुट्टीवर होता. पत्र्याचं छप्पर तापून मधूनच टकटक करत होतं. जात्याभोवती रोजच्यापेक्षा जास्त पीठ होतं. खिडकीतून आलेल्या उन्हात ते हलत नव्हतं.

तिला स्वतःचं हसू आलं. एम.ए. झालेल्या बाईनं जात्याची समजूत काढायला बसावं. मग तिनं खुंटा बसवला, जोंधळे तोंडात टाकले, मांडी घातली आणि फिरवायला लागली. बायका जात्यावर बसल्या की गप्प बसत नाहीत. म्हणून तीही बोलायला लागली. तेच, आईच्या शब्दांत.

“बहात्तर सालची गोष्ट. वस्तीचा झरा आटला. विठाबाईनं घागर उचलली...”

जातं हलकं फिरत होतं. दाणा भरडल्याचा आवाज येत नव्हता. तिनं आणखी मूठ टाकली. तीही गेली. खालून पीठ यायला लागलं, पांढरं, बिनवासाचं.

“विहिरीवर गेली. दोर सोडला. घागर भरली. काखेत घेतली. आणि धोंडा आला.”

धोंडा मारणाऱ्याचं नाव ती आता सांगणार होती. तिनं तोंड उघडलं.

हात फिरत राहिला.

नाव राहू दे, तिनं ठरवलं. पुढचं सांगू. दुसरा धोंडा बरोबरच्या पोरीला लागला. कुठं लागला? पोर होती ना?

ती मागं गेली. झरा आटला. घागर उचलली.

कशासाठी उचलली?

पाण्यासाठी, तिनं मोठ्यानं म्हटलं. घागर पाण्यासाठीच उचलतात. हे बरोबर होतं. तिनं ते पुन्हा म्हटलं.

वाटी रिकामी झाली.

विहीर होती.

होती.

मग करुणा थांबली. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की आपण सुट्टीच्या दिवशी जात्यापाशी बसलो आहोत आणि ओढणीला पीठ लागलं आहे. तिनं ओढणी झटकली, केरसुणी आणून फरशी स्वच्छ केली, आणि जाताना पेरूला पाणी घातलं. पेरूला त्या वर्षी बहर चांगला होता.

वर्धापनदिनाच्या आठवडाभर आधी दौंडहून पाटी आली. करुणानं, बन्सीनं आणि सोपानरावांनी ती टेबलावर ठेवून वाचली.

“दुसऱ्याच गावाची दिली वाटतं,” बन्सी म्हणाला.

“विठाबाई नाव आहे बघा,” करुणा म्हणाली. “माझ्या आजीचंही हेच नाव. पण ती बिचारी शेळ्या राखायची.”

“आन् गेनबा आमचा म्हातारा,” सोपानराव म्हणाले. “नावं काय, समद्या गावात तीच.” त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. “वंगाळ झालं पर. कुठलं का गाव आसंना.”

करुणानं दौंडला फोन केला. पाटीवाला म्हणाला, तुम्हीच दिलेला मजकूर आहे, तुमच्याच अक्षरात. तिनं त्याच्याशी वाद घातला नाही. पाटी पुठ्ठ्यात बांधून एसटीनं परत पाठवली. रविवारच्या वार्तेत घागरीचा फोटो टाकला: ‘ही जुनी घागर कुणी दिली याची माहिती मिळत नाही. ओळख पटल्यास संपर्क साधावा.’ खाली जोडलेले हात आले. सुरेखानं लिहिलं, ‘छान आहे.’

वर्धापनदिनाला गाव चांगलं लोटलं. मालनबाई आली, ईश्वर आला, वस्तीतून शेवंताबाई आल्या. ऊन मी म्हणत होतं आणि सांगितलेले पाण्याचे जार आलेच नव्हते. बन्सीनं मग ती दात्याविना पडून असलेली घागर धुऊन, भरून, व्हरांड्यात ठेवली. पोच्यामुळं ती एका अंगाला कलत होती, म्हणून खाली फडक्याची चुंबळ दिली. शेजारी तांब्या आणि ट्रेमध्ये स्टीलचे ग्लास मांडले.

भाषणं झाली. लोकसहभागाचं कौतुक झालं, कुठंच काही कमी-जास्त झालं नाही. इतका सुरळीत कार्यक्रम गावात पूर्वी झाला नसावा.

सगळं आटोपल्यावर सोपानराव सगळ्यांत आधी घागरीपाशी गेले, तांब्यानंच स्वतः पाणी प्याले आणि तो पुन्हा भरून वळले.

“म्याडम, सकाळधरनं उभ्या हाय तुमी. पानी घ्या.”

“द्या आबा.”

ती पायरीच्या खाली उतरली, वाकली आणि दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली. सोपानरावांनी तांब्या उंच नेला आणि अंतर राखून धार सोडली. पाणी पिता पिता ती त्यांना मंडपवाल्याचं सांगत होती आणि ते हं हं करत होते. कोपरावरून पाणी तिच्या चपलेवर गळत होतं.

तिचं झाल्यावर सुरेखा पुढं आली, तीही पायरी उतरून वाकली. तिच्यामागं शेवंताबाई थांबल्या होत्या.

ट्रेमधले ग्लास उन्हात चमकत होते. एकही ओला झालेला नव्हता.